उजागरेसाहेबांची मधाची वही

माणसं भेटली की तब्येत विचारतात, पाऊसपाणी विचारतात. देवदान उजागरे पोट विचारायचे. "काय मेडिकल, सकाळी साफ झालं का?" असं भर रस्त्यात, समोरून बायाबापड्या जात असताना, आवाज जरासुद्धा खाली न आणता. मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी दुकानातल्या खोक्यांआड तोंड लपवलं होतं. पुढं सवय झाली. इतकी झाली की एखाद्या दिवशी त्यांनी विचारलं नाही तर दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

नव्वदनंतरची ही गोष्ट. सोनईत माझं औषधांचं दुकान होतं आणि त्याच भिंतीला लागून उजागरेसाहेबांची रक्त-लघवी तपासायची लॅब. नगरला एका मिशन दवाखान्यात त्यांनी वीस वर्षं हेच काम केलं होतं. त्यांच्या बायकोची, रूथबाईंची, बदली आमच्याकडच्या प्राथमिक शाळेत झाली तेव्हा नोकरी सोडून ते तिच्या मागोमाग आले. बायको जाईल तिथं नवऱ्यानं जायचं, ही तऱ्हा गावाला नवीन होती. त्यावर कुणी टोमणा मारला की ते म्हणायचे, "तिची पेन्शन मोठी हाय बाबा, मी शाना मानूस हाय."

लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली. एक जुना मायक्रोस्कोप, स्पिरिटचा दिवा, काचपट्ट्या, आणि दारामागच्या फळीवर प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या. त्या डब्यांत काय यायचं हे सांगायला नको. त्यावरून गावानं त्यांचं नाव "डबीवाले साहेब" पाडलं होतं. शेतकऱ्यानं तसं म्हटलं तर त्यांना काही वाटायचं नाही. पण एकदा गावातल्या डॉक्टरांनी त्यांच्या रिपोर्टावरची शेवटची ओळ वाचली. तिथं उजागरेसाहेबांनी आपल्या अक्षरात "पेशंटला ताक द्यावे" असं लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, "उजागरे, जंत दिसले की नाही एवढंच लिहीत जा. बाकीचं बघायला आम्ही आहोत." साहेब तिथून निघाले. माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आमी फक्त बघायचं. बघितलेल्याचं काय करायचं ते बघायला दुसरी मान्सं ठेवल्यात." त्या दिवशी त्यांनी चहाला नाही म्हटलं, आणि चहाला नाही म्हणणाऱ्यांतले ते नव्हते.

पोट हा त्यांचा प्रांत होता. कोणी डबी घेऊन आला की त्याला बसवून घ्यायचे आणि सांगायला लागायचे, "तुज्या पोटात सोनईच्या बाजारापेक्षा जास्त गर्दी हाय. लाखो जीव. पन ते समदेच चोर न्हाईत. निम्मे-अर्धे आपल्या घरचे हायेत, आपलंच काम करत्यात. त्यांना जेवायला घालतो का तू?" समोरचा माणूस हातातल्या डबीकडे बघत मान हलवायचा. त्याला फक्त पोटात का दुखतंय ते हवं असायचं.

या बाबतीत त्यांच्या लेखी गावातला सगळ्यात मोठा गुन्हेगार मी. माझ्याकडं कुणी सर्दीसाठी लाल-काळ्या अँटिबायोटिक कॅप्सुला मागायला आला की ते लॅबमधून बाहेर यायचे. "सर्दीला ह्या कशाला? सर्दी आठ दिवसांत जाती, गोळी घेतली तर आठवड्यात जाती." गिऱ्हाईक हसायचं आणि रिकाम्या हातानं जायचं. मी म्हणायचो, "साहेब, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय." ते म्हणायचे, "व्हय. पन तुज्या एकट्याच्या."

मधाचं वेड त्यांना नेमकं कधी लागलं ते मला सांगता येणार नाही. घरामागं शेवग्याखाली दोन मधपेट्या आधीपासून होत्या. त्यांचे पुण्याचे कुणी ओळखीचे डॉक्टर जुनी इंग्रजी मासिकं पाठवायचे आणि साहेब डिक्शनरी मांडीवर घेऊन ती वाचायचे. त्यातच कुठंतरी त्यांना मधाबद्दल सापडलं. एके सकाळी मी शटर अर्धं वर केलं होतं तोवर ते खालूनच वाकून आत आले.

"मेडिकल, मध खाल्ला तर कुठं जातो?"

"पोटात."

"पोटात समदंच जातं. पोटात कुठं?"

मग त्यांनी सांगितलं. मधातली बरीचशी साखर साधी असते, ती वरच्या आतड्यातच रक्तात जाते. पण थोडी साखर गाठी मारलेली असते. ती गाठ आपल्याला सुटत नाही. ती तशीच खाली मोठ्या आतड्यापर्यंत उतरते आणि तिथले जीव ती सोडवून खातात. "म्हंजी बघ, आपन मध खातो तवा एक घास आपला आनि एक चिमूट त्यांची. आपल्याला ठावंच न्हाई की आपन कुनाला वाढतोय." हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांना स्वतःच्याच घरात एक खोली नव्यानं सापडली आहे. मला एवढं कळलं की आता काही दिवस दुसरा विषय निघणार नाही.

आणि निघाला नाहीच. पुढच्या आठवड्यात लॅबच्या खिडकीत पाच वाट्या दिसल्या. तापवून कोमट केलेलं दूध, प्रत्येकीत रूथबाईंच्या घरच्या दह्याचं सारखंच विरजण, आणि मध मात्र वेगवेगळा. एकीत बिलकूल नाही, दुसरीत अर्धा चमचा, मग एक, मग दोन, मग मोठे चार. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून नेलं आणि पाचही वाट्यांतलं चाखायला लावलं. अर्ध्या आणि एक चमच्याच्या वाटीत दही छान घट्ट लागलं होतं. दोनाचं सैल होतं. चार चमच्यांचं नुसतंच गोड, पातळ पाणी.

"बघितलं? चमचाभर वाढला तर जेवत्यात, वाडगंभर ओतला तर मरत्यात. जास्त ग्वाडात कोनच जगत न्हाई, त्याच्यामुळं तर मध वर्षानुवर्षं नासत न्हाई."

मी म्हटलं, "झालं की मग. सिद्ध झालं."

यावर त्यांनी माझ्याकडं जरा रागानंच बघितलं. "काय सिद्ध झालं? दह्यातले जीव वेगळे, पोटातले वेगळे. दह्यानं साक्ष दिली म्हनून पोटानं दिली असं होतंय का?" आणि पाच वाट्या घासायला घेऊन गेले.

त्यांच्या या स्वभावाचा गावाला एकदा चांगलाच अनुभव आला. एका हिवाळ्यात त्यांच्या पेट्या भराभर भरल्या. साहेबांनी खुशीत येऊन शेजारपाजारी बाटल्या वाटल्या, कुणाला किती चमचे घ्यायचे ते चिठ्ठीवर लिहून दिलं. बाळंतिणीच्या घरी दिलेल्या बाटलीवर तर लाल शाईत लिहिलं, "वर्षाच्या आतील बाळाला चाटवू नये", आणि त्यावरून तिथल्या आजीबाईंशी भांडणही करून आले. पुढं चार दिवसांनी त्यांना त्या मधाच्या रंगाची शंका आली. त्यांनी एक थेंब पाण्यात कालवून मायक्रोस्कोपखाली घातला. मधात फुलांचे परागकण दिसायला हवेत. शोधूनही दिसेनात. मग साहेब उठले आणि माश्या कुठं जातात ते बघायला पायी निघाले. ओढ्यापलीकडं एक गुऱ्हाळ लागलं होतं. तिथं काकवीच्या पिंपावर, मळीवर, चुलवणाच्या कडेला माश्याच माश्या. इकडं उसाच्या पट्ट्यात हिवाळ्यात फूल शोधत कोण हिंडतं, माशीलाही सोपं ते कळतंच.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. हे घरोघर गेले. "तो मध न्हाई, माशीनं वाहून आनलेली काकवी हाय. बाटली परत द्या." लोकांना हसावं की काय करावं कळेना. आमच्या समोरच्या शिंपीकाकांनी तर बाटली द्यायला साफ नकार दिला. "ग्वाड हाय ना? मग राहू द्या की साहेब. तुमी कशाला मनाला लावून घेता?"

साहेबांनी त्यांची चिठ्ठी तेवढी परत आणली. आपल्या अक्षरातलं चुकीचं काही बाहेर राहू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मग तो पावसाळा आला ज्यात रूथबाई आजारी पडल्या.

रूथबाई पहिलीच्या वर्गाला शिकवायच्या. बारीक अंगाच्या, ताठ मानेच्या. बोलणं कमी आणि तेही शुद्ध. साहेब त्यांना घरातसुद्धा "बाई" म्हणायचे. विषमज्वर झाला. औषधं झाली, ताप उतरला आणि पंधरा दिवसांत उलटला. पुन्हा औषधं, या वेळी जास्त जोराची. ती सगळी माझ्या दुकानातून गेली. मी गोळ्यांची पाकिटं पुढं सरकवताना साहेबांकडं बघू शकत नव्हतो. ते ओळखून म्हणाले, "दे. जीव वाचवायला लागतंय ते लागतंय. त्याला मी कवाच न्हाई म्हनलो न्हाई."

ताप गेला, पण पोट गेलं ते गेलंच. दिवसातून सहा-सहा वेळा. महिना झाला, दोन झाले, तीन झाले. अन्न टिकेना. नगरला दाखवून आणलं, तिथं म्हणाले अशक्तपणा आहे, वेळ लागेल. साहेब रोज स्वतः डबी तपासायचे. जंत नाही, आमांश नाही, काहीच नाही. "काही दिसलं असतं तर बरं हुतं," ते मला म्हणाले. "चोर बी न्हाई आनि घरचे बी न्हाईत. समदी वस्ती उठून गेल्याली दिसती." रूथबाई शाळेत जायच्या आणि तासाभरात परत यायच्या. शाळेला धड संडास नव्हता. चाळीस पोरांसमोर उभं राहताना त्यांचा जीव मुठीत असायचा. एकदा मी औषध द्यायला घरी गेलो तर टेबलावर राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवलेला दिसला, खाली सही करायची बाकी होती. साहेब तो अर्ज एका हातानं झाकून माझ्याशी हवापाण्याचं बोलत राहिले.

त्याच आठवड्यात त्यांनी मध सुरू केला. या वेळी मध गुऱ्हाळाच्या वाटेवरचा नव्हता. बियाण्यासाठी लावलेला कांदा फुलला होता तिथं पेट्या नेऊन ठेवल्या होत्या, आणि परागकण मोजून मग बाटली भरली होती. रोज सकाळी वाटीभर ताज्या दह्यात दोन चमचे. त्यासोबत दोनशे पानी वही आणली. पट्टीनं रकाने आखले: तारीख, मध, किती वेळा, काय खाल्लं, वजन. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक साताला यायचे म्हणून साहेबांना लवकर निघावं लागे. ते वाटी झाकून ठेवायचे, लॅब उघडून आठला न्याहारीला घरी यायचे आणि दारातूनच विचारायचे, "घेतला?"

रूथबाई म्हणायच्या, "घेतला."

साहेब वहीत बरोबरची खूण करायचे.

पहिले काही दिवस गुण नाही, उलट एखाद-दुसरी वेळ वाढलीच. मग हळूहळू सहाचे चार, चाराचे तीन. दीड महिन्यानं दोन. रूथबाईंच्या गालावर मांस दिसायला लागलं. एका सोमवारी त्या उन्हाची छत्री घेऊन शाळेत गेल्या त्या पाचला शाळा सुटल्यावरच घरी आल्या. त्या संध्याकाळी साहेबांनी राजीनाम्याचा कागद चुलीत घातला आणि मला बोलावून नुसतंच समोर बसवून ठेवलं.

गावात व्हायचं तेच झालं. "बाई मधानं बऱ्या झाल्या." लोक बाटल्या मागायला लागले. डॉक्टर स्वतः लॅबमध्ये येऊन उभ्या उभ्या वही चाळून गेले. आणि मग संगमनेरच्या एका कॉलेजातून पत्र आलं. तिथल्या कुणा प्राध्यापकांच्या कानावर हे गेलं होतं. त्यांच्या विज्ञान मंडळात उजागरेसाहेबांनी येऊन आपल्या निरीक्षणांवर बोलावं, अशी विनंती होती. पत्रावर त्यांच्या नावाआधी "श्री." आणि नावानंतर "यांचे व्याख्यान" असं होतं. ते त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. त्यातला "निरीक्षणांवर" हा शब्द आला की थांबायचे. वीस आणि वर पाच वर्षं त्यांनी फक्त निरीक्षण केलं होतं. त्यावर बोला, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मोठ्या कागदावर त्यांनी तक्ता काढला. एका रंगानं मध, दुसऱ्यानं वजन, तिसऱ्यानं ते तिसरं. ट्रंकेतून कोट काढला, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मला म्हणाले, "तू बी चल. गोळ्या तू दिल्यास, साक्षीदार हायेस." रूथबाईही शाळेतून रजा काढून निघाल्या. मला वाटलं, कौतुकाला निघाल्यात.

राहुरीला गाडी बदलायची होती. स्टँडवर चहा घेत बसलो होतो. तक्त्याची सुरळी साहेबांच्या मांडीवर आडवी. रूथबाईंनी कप खाली ठेवला.

"अहो, मी तो मध खाल्ला नाही."

"ऱ्हाऊ दे, गडबडीत ऱ्हायला असंल. एका दिवसानं काय होत न्हाई."

"आजचं नाही म्हणत मी. पहिले आठ-नऊ दिवस खाल्ला. त्यानंतर नाहीच."

साहेबांनी कप तोंडाजवळ तसाच धरला होता.

रूथबाई सांगत राहिल्या. खाली बघून, पण न थांबता, धडा वाचून दाखवावा तशा. मध खाल्ला की त्यांचं पोट फुगायचं, वेळा उलट वाढायच्या. नवव्या दिवशी सांगणारच होत्या. "पण त्या दिवशी तुम्ही घरात आलात, विचारलंत, माझ्या तोंडून सवयीनं 'घेतला' गेलं, आणि तुम्ही खूण करून न्याहारीला बसलात. तीन महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही दुसरी भाकरी मागून घेतलीत. मग मला बोलवेना. रोज वाटायचं उद्या सांगू."

"मग वाटी?" साहेबांनी विचारलं.

"पार्वताबाईंना द्यायचे, भिंतीवरून." पार्वताबाई म्हणजे शेजारची म्हातारी. "त्या मला तांब्याभर आंबील द्यायच्या. ज्वारीची, ताकातली. तेवढी मात्र पोटात राहायची. तुम्ही तिला गावठी इलाज म्हणाल म्हणून तीही सांगितली नाही."

संगमनेरची गाडी लागली. आम्ही चढलो. मला रूथबाईंचा राग आला होता, हे कबूल करतो. सांगायचं नव्हतं तर कायमचं नव्हतं सांगायचं; आज, या दिवशी, कोट घातल्यावर कशाला? पण त्यांच्याकडं बघितलं तर त्या दांड्याला घट्ट धरून उभ्या होत्या, शेजारची जागा रिकामी असून बसत नव्हत्या. मग कळलं की आजच सांगणं भाग होतं. नवऱ्याला चार लोकांत खोटं बोलताना बघणं त्यांना जमणारं नव्हतं.

वाटेत लोणी गाव आलं. मग साहेबांनी मागं वळून विचारलं, "पार्वताबाईला तर बद्धकोष्ठ हुतं ना?"

"हो. आठवड्यातून दोनदा व्हायचं म्हणे, वर्षानुवर्षं."

"आनि आता?"

"आता रोज, म्हणतात."

"मला का न्हाई सांगितलं तिनं?"

"तुम्हाला सांगायला लाजतात."

"मला लाजती? समद्या गावाची डबी मी बघितल्याली हाय," साहेब म्हणाले आणि खिशातून पेन्सिल काढून तिकिटाच्या मागं काहीतरी लिहायला लागले.

मी वाकून हळूच म्हटलं, "साहेब, तिथं कोणाला काय कळणार आहे? बाई बऱ्या झाल्या हे तर खरं आहे."

"बाई बऱ्या झाल्या ते खरं हाय," ते म्हणाले. "मी बोलनार हाय ते खरं न्हाई."

हॉलमध्ये पन्नासेक मुलं-मुली आणि पुढच्या रांगेत प्राध्यापक मंडळी होती. साहेबांनी तक्ता फळ्यावर टाचला. मग त्याच्यासमोर उभे राहून नेहमीच्या मोठ्या आवाजात सुरुवात केली. "हा तक्ता माझ्या हातचा हाय. ह्यातली वजनं खरी हायेत, मी तोलल्यात. डब्या खऱ्या हायेत, मी बघितल्यात. मधाचा रकाना खोटा हाय. हे मला आज सकाळी राहुरीच्या स्टँडवर कळलं."

हशा पिकला. साहेब हसू ओसरेपर्यंत थांबले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं, पार्वताबाईंच्या बद्धकोष्ठासकट. रूथबाई मागच्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन ताठ बसल्या होत्या. साहेबांनी त्यांचं नाव घेतलं नाही. "खोटं कुनी केलं ते सांगतो," ते म्हणाले. "मी केलं. मी रोज विचारायचो, 'घेतला?' ह्या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर हुतं. मी भ्यालेलो हुतो आनि समोरच्या मानसाला ते दिसत हुतं. पाच वाट्या मांडल्या तवा मी वाट्यांना असं विचारलं नव्हतं. नुसतं बघितलं हुतं."

एक मुलगी उभी राहिली. "सर, मग त्या आंबिलीनं बऱ्या झाल्या का?"

"म्हाईत न्हाई. आंबील आंबवल्याली असती, पन ती शिजवत्यात, म्हंजी जीव मरत असनार. मग काय उरतं? ज्वारी उरती. गोळ्या बंद होऊन दिवस गेल्ते, ते बी खरं. ह्यातलं कोन, का समदे मिळून, मला सांगता येत न्हाई. म्हातारीला मधानं गुन आला का रोज दही खाऊन आला, ते बी म्हाईत न्हाई. मला वाटतंय, तीच गाठीची साखर एका पोटाला जेवन हाय आनि दुसऱ्याला तरास. पन वाटतंय ते वाटतंय."

प्राध्यापकांनी थोडक्यात आभार मानले. चहा झाला. तक्ता कोणी मागून घेतला नाही. पुन्हा त्यांना कुठून बोलावणंही आलं नाही. येताना गाडीत साहेब झोपले, निदान डोळे मिटून होते. रूथबाई मला म्हणाल्या, "ते रागावले असते तर बरं झालं असतं."

त्यानंतर तीन दिवस साहेबांनी कोणालाच पोट विचारलं नाही. मला रस्ता मुका झाल्यासारखा वाटला आणि भीतीही वाटली. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसणाऱ्यांना चघळायला विषय मिळाला होताच. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला. साहेब पार्वताबाईंना विचारत होते, "मावशे, काल काय काय पोटात गेलं तेवढं सांग. चांगलं-वाईट मी काय म्हननार न्हाई." म्हातारी लाजत लाजत सांगत होती.

त्या दिवसापासून त्यांची विचारायची रीतच बदलली. पेशंटला "गोळ्या घेतल्या का?" असं विचारणं त्यांनी सोडलं. "किती उरल्यात?" असं विचारायला लागले. लोक बिचकायचे आणि खरं सांगायचे: चार उरल्यात, सहा उरल्यात, उलट्या व्हायला लागल्या म्हणून टाकून दिल्या. ते बघून मीही काउंटरवर तसंच विचारायला लागलो. इतकी वर्षं औषधं विकून मला जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळायला लागलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

पुढं दीड-दोन वर्षांनी मी सोनई सोडली. नागापूरला एमआयडीसीत औषधांच्या गोदामात नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या रविवारी सकाळी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. दोघांची प्रार्थनेला जायची तयारी चालली होती. ओसरीत रूथबाई न्याहारीला बसल्या होत्या. साहेबांनी दह्याची वाटी त्यांच्यापुढं ठेवली, मधाची बाटली वाटीपासून हातभर लांब ठेवली आणि ते पाठ फिरवून माझ्याशी बोलायला लागले. काही विचारलं नाही.

थोड्या वेळानं मागून आवाज आला, "आज नको."

साहेबांनी खिडकीतली वही घेतली, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि माझ्या पुढ्यात ठेवून कोट घालायला आत गेले. मी पानं उलटली. "नको. नको. अर्धा चमचा. नको. पोट फुगलं. नको. पाव चमचा, बरा वाटला. नको." पानामागून पान तेच. रूथबाई वाटीतलं नुसतं दही शांतपणे खात होत्या.

साहेब कोटाची बटणं लावत बाहेर आले, मी काय वाचतोय ते बघितलं आणि म्हणाले, "ही वही चांगली हाय." बाई बऱ्या झाल्या त्या सोमवारीसुद्धा मी त्यांच्या तोंडावर एवढं समाधान बघितलं नव्हतं.